मामेभावाला नेमकं काय म्हणायचं?

पत्र (थोडं कमी करून देते आहे):

"मॅडम नमस्कार. मी नागपुरात नंदनवनला राहते, वय 36, घरीच ब्लाऊज-ड्रेस शिवते. माझा मामेभाऊ कॉलेजची दोन वर्षं आमच्याकडे राहून शिकला, जेवणखाण सगळं माझ्याच हातचं. दिवाळी 2024 च्या आधी तो आला, म्हणे ताई सक्करदऱ्याला गाळा भेटून राहिला, मोबाइल रिपेअरिंगचं टाकतो, डिपॉझिटला पैसे कमी पडून राहिले, गाळा सोडला की डिपॉझिट जसंच्या तसं तुझ्या हातात. मी 1,60,000 दिले, एक लाख बँकेतून आणि साठ हजार रोख, आरडी मोडून. दुकान पाच महिने चाललं आणि बंद पडलं. त्यानं 20,000 आणून दिले आणि मग 'थांब ताई, गाळेवाल्यानं डिपॉझिट अडकवलं' हेच सुरू. परवा गाळेवालाच भेटला, तो म्हणे मी तर पूर्ण डिपॉझिट केव्हाच परत केलं. इकडे याच्या दारात नवी गाडी उभी, आणि रोज सकाळी घरच्या ग्रुपवर सुविचार टाकतो. मी त्याच ग्रुपवर टाकायला मेसेज लिहून ठेवला, 42 लोक आहेत ग्रुपवर. त्यात चोर, ठग, भामटा, चारसोबीस, हरामखोर, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा, खाण तशी माती, सगळं लिहिलं. आई म्हणते माहेरचा पोट्टा आहे, माझ्या भाच्याला चोर म्हणशील तर तुझ्या घरी पाय नाही ठेवणार. मिस्टर म्हणतात तूच बह्याड. तो नातेवाइकांत सांगून राहिला की ताई लय चालू आहे. पोरगी नऊ वर्षांची, तिनं विचारलं मामा चोर आहे का, मला उत्तरच देता आलं नाही. यंदा मारबतीला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची पुतळ्यांची मिरवणूक) याचाच बडग्या (त्यातला पुतळा) काढावा असं वाटते. याला काय म्हणू? टाकू का मेसेज?"

ताई, मेसेज अजून टाकला नाही हे फार चांगलं केलं, आणि विचारलं हे त्याहून चांगलं. कोणी म्हणेल की दीड लाखाचा प्रश्न आहे आणि ही बाई शब्द कोणता वापरू विचारून राहिली, पण मला तुमचा प्रश्न अगदी मुद्द्याचा वाटला, कारण त्यानं नेमकं काय केलं याला नाव सापडलं की पुढे कुठे जायचं, कोणाला काय सांगायचं हे आपोआप सुचत जातं, आणि नाव चुकलं की पैसे राहतात बाजूला आणि नातेवाइकांत चर्चा होते ती तुमच्या तोंडाची. मी 31 वर्षं मराठी शिकवली आहे, शब्दांसाठी थोडी जास्तच भांडते, तर माझ्यासोबत जरा सावकाश चला.

चोर म्हणजे तुम्हाला न सांगता घेऊन जाणारा. कपाटातून पैसे गेले, रात्री दुचाकीतलं पेट्रोल गेलं, तो चोर. इथे तुम्ही तुमच्या हातानं दिले, आरडी मोडून दिले, बँकेतून पाठवताना त्याचं नाव टाइप करून दिले. म्हणून आई जेव्हा म्हणते चोर म्हणू नको, तेव्हा तिचं कारण चुकीचं आहे (माहेरचा पोट्टा असला म्हणून काय झालं), पण शब्दापुरती ती बरोबर आहे. आणि हेच होते नेहमी, आपण एक शब्द चुकीचा वापरला की समोरचा तो एकच शब्द धरून बसतो, तो चोर नाही चोर नाही म्हणत अर्धा तास जातो आणि डिपॉझिटचं कोणी बोलतच नाही.

ठग हा शब्द तर खूप जुना आणि त्यात एक बारीक गोष्ट आहे जी आपण विसरलो. संस्कृतात स्थग म्हणजे झाकणं, लपवणं, त्यातून ठक आणि ठग आला. 1830 च्या दशकात इंग्रज अधिकारी स्लीमननं आपल्या शेजारच्या जबलपूरला बसून ठगांविरुद्ध मोहीम चालवली, 1836 मध्ये त्यासाठी वेगळा कायदाच झाला. हे लोक वाटसरूंसोबत चालायचे, गप्पा मारायचे, सोबत जेवायचे, आणि विश्वास पक्का बसला की रुमालानं गळा आवळायचे, असं त्या खटल्यांत नोंदलेलं आहे. इंग्रजांनी आपल्या कागदांत किती वाढवून लिहिलं यावर आजही वाद आहे, पण शब्दाचा गाभा तोच राहिला: ठग पहिल्या पावलापासून ठगच असतो, त्याची मैत्रीसुद्धा त्याच कामासाठी असते. आता तुमच्या भावाचं बघा. त्यानं गाळा खरंच घेतला, दुकान खरंच टाकलं, पाच महिने शटर उघडलं. दोन वर्षं तुमच्या हातचं जेवला ते काही 2024 चा बेत मनात ठेवून नाही. तेव्हा तो ठग नव्हता हो ताई. हे मी त्याची बाजू घ्यायला सांगत नाही, तुमच्या कामाचं आहे म्हणून सांगते.

कामाचं कसं, तर चारसोबीसचं घ्या. 1860 च्या दंड संहितेतलं कलम 420 म्हणजे फसवणूक, त्यावरून तो शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरला की कायदा गेला तरी शब्द जाणार नाही. कायदा खरंच गेला आहे, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणूक आता कलम 318 मध्ये आहे. पण आकडा बदलला तरी मागणी तीच आहे: पैसे घेतानाच देण्याचा इरादा नव्हता हे दाखवावं लागतं. नुसते परत दिले नाही म्हणजे फसवणूक झाली असं कोर्ट मानत नाही. म्हणजे तुम्ही ठाण्यात जाऊन "यानं मला सुरुवातीपासून ठगवलं" असं म्हटलं, तर तो दुकानाचे फोटो दाखवेल, गाळ्याचा करार दाखवेल, आणि साहेब म्हणतील बाई हे तर उधारीचं प्रकरण, दिवाणी कोर्टात जा. मोठ्या शब्दानं तुमचीच केस हलकी होईल.

बरं मग बुडव्या म्हणायचं का? कर्जबुडव्या म्हणतो तसं? धंदा बसला, पैसा गेला, आता तोंड लपवून फिरतो, असं असतं तर मी म्हटलं असतं थांबा थोडं, बुडालेला माणूस आणि बुडवणारा माणूस यात फरक करा. आपल्याकडे धंद्यात बुडालेल्याला लगेच बुडव्या म्हणून मोकळे होतात, तो बिचारा गल्ली बदलून घरी जातो. तुमच्याकडे तसं नाही. तुमच्याकडे ज्या दिवशी गाळेवाल्यानं त्याच्या हातात डिपॉझिट ठेवलं त्या दिवशी सगळं बदललं. ते पैसे कशासाठी होते, सुटले की कोणाचे, हे ठरलेलं होतं, आणि त्यानं ते ठेवून घेतले, वरून तुम्हाला सांगत राहिला की अडकले. याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे, अफरातफर. आणि करणाऱ्याला विश्वासघातकी. गुन्हेगारी विश्वासघात म्हणून न्याय संहितेत कलम 316 आहे, एका कामासाठी भरवशानं सोपवलेली वस्तू किंवा पैसा बेइमानीनं आपल्या कामाला लावणं. तुमचं प्रकरण त्यात बसते का हे वकील कागद बघून सांगेल, पण वकिलासमोर गोष्ट सांगताना सुरुवात गाळेवाल्यापासून करा, डिपॉझिट परत केल्याच्या तारखेपासून, त्यानं चेकनं दिलं की कसं तिथपासून. तो लिहून द्यायला तयार असेल तर आजच घ्या, माणसं पुढे नसत्या भानगडीत पडायचं टाळतात.

आणि तुमच्या बाजूचाही एक शब्द सांभाळा. तुम्ही तुमच्या मोठ्या पत्रात एका ठिकाणी "उसने दिले" लिहिलं आणि एका ठिकाणी "दुकानात टाकले" लिहिलं. टाकले म्हटलं की समोरचा म्हणणार ताईची भागी होती, धंदा बुडाला तर तिचाही बुडाला. जे ठरलं होतं तेच सगळीकडे सारखं बोला.

आता भामटा. इथे मला थोडं थांबायचं आहे.

नोकरीला लागून चारेक वर्षं झाली असतील, सातवीचा वर्ग होता, एका पोरीची कंपासपेटी गेली, नवी, डब्यावर हत्तीचं चित्र होतं. मी फळ्याकडून वळले आणि मोठ्यानं म्हटलं, "कोण आहे रे भामटा वर्गात? उभा राहा." कोणी उभं नाही झालं. पण तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा हळूच मागे वळून बघायला लागला, मग खाली, मग त्याच्या शेजारचा पोट्टा हसला आणि त्याच्या कानात काहीतरी म्हणाला. मला वाटलं हाच. त्याचं दप्तर सगळ्यांसमोर बाकावर ओतलं मी. दोन वह्या, एक भाकरीचा रुमाल, अर्धी पेन्सिल. कंपासपेटी नाही. ती दुसऱ्या दिवशी त्या पोरीच्या घरीच निघाली. महिन्याभरानं शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना त्याचा जातीचा दाखला माझ्या हातात आला, त्यावर लिहिलेलं होतं, राजपूत भामटा. मी शिवी म्हणून जो शब्द वर्गात फेकला होता ते त्या पोराच्या जमातीचं नाव होतं, सरकारी शिक्क्यासकट. शेजारचा पोट्टा का हसला ते मला तेव्हा कळलं.

इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो वाढवत नेला. यादीत नाव असलेल्या जमातीत जन्मला की गुन्हेगार, काही केलं असो नसो, नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये तो कायदा गेला, म्हणून त्या जमातींना विमुक्त म्हणतात. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 14 नावं आहेत, त्यात भामटा आहे, राजपूत भामटा आहे, राज पारधी आहे, कैकाडी आहे, रामोशी आहे. कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली पण आपल्या तोंडून तो रोज लागू होतो. पेपरातसुद्धा "भामट्यानं वृद्धेला लुटलं" असं बिनधास्त छापतात. त्या दिवसापासून मी तो शब्द वापरला नाही. त्या मुलाची माफी मी मागितली, वर्गासमोरच मागितली, पण तो पुढच्या वर्षी शाळेत आला नाही आणि का आला नाही हे मला आजही माहीत नाही. तुमच्या मेसेजमधून हा शब्द काढाच. तुमच्या भावानं जे केलं ते त्यानं एकट्यानं केलं, एका अख्ख्या जमातीला त्यात ओढायचं कारण नाही.

तसंच "खाण तशी माती". हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. तुम्हीच पत्रात लिहिलं आहे (वर मी गाळलं) की तुमच्या बाळंतपणात मामी सव्वा महिना येऊन राहिल्या, डिंकाचे लाडू त्यांनी केले. पोरानं पैसे दाबले आणि शिवी बसून राहिली त्या माउलीला. बघा नं, आपल्या भाषेत पुरुषानं काही वाईट केलं की शिवी त्याच्या मायवर, बहिणीवर, बायकोवर जाते, त्याच्या अंगाला लागतच नाही. त्याच्या बापाचं नाव कोणी घेत नाही. मामींना हे डिपॉझिटचं माहीत तरी आहे का?

आणि तो तुम्हाला चालू म्हणून राहिला, त्याचा तुम्हाला जो राग आला तो अगदी बरोबर आहे. हा शब्द पुरुषाला लावला तर म्हणजे हुशार, व्यवहारी, कुठेही काम काढून घेणारा, "चालू आहे पोट्टा" म्हणताना बोलणाऱ्याच्या तोंडावर हसू असते. तोच शब्द बाईला लावला की ऐकणारा दुसरंच काही समजतो आणि बोलणाऱ्याला ते पक्कं माहीत असते. हिशेबाच्या भांडणात तिच्या चारित्र्यावर जायचं ही फार जुनी खोड. बाईसाठी उठवळ, चवचाल, बाहेरवाली, किती शब्द ठेवले आहेत, आणि तेच पुरुषानं केलं तर रंगेल, शौकीन. शौकीन! जणू काही विड्याच्या पानाचा शौक आहे. यावर तुम्ही गप्प बसू नका, पण उत्तरात तसलाच शब्द पण नको. ज्या नातेवाइकानं तुम्हाला येऊन सांगितलं त्यालाच विचारा, "चालू म्हणजे काय म्हणाला तो, मी काय केलं म्हणाला?" एवढंच. ज्याला ते उत्तर द्यावं लागेल तो पुन्हा तो शब्द इकडून तिकडे नेणार नाही.

मिस्टरांशी मात्र माझं भांडण आहे, त्यांना हे वाचायला द्या. आपल्या विदर्भात फसलेल्या माणसासाठी जेवढे शब्द आहेत तेवढे मला दुसरीकडे ऐकायला नाही मिळाले, बह्याड, भैताड, येडपट, बावळट तर आहेच. आणि फसवणाऱ्याला? बिलंदर, चंट, पोहोचलेला, बारा गावचं पाणी प्यालेला, लय दिमागवाला. ऐकून बघा, यातला एक तरी शब्द ऐकून त्याला लाज वाटेल का? फसवणाऱ्याला कौतुकाचे शब्द आणि फसलेल्याला हिणवणीचे, मग पुढच्या वेळी फसलेला माणूस घरात तोंड उघडेल कशाला? वाडीच्या साइडला एका मावशींचे भिशीचे पैसे गेले तेव्हा त्यांनी सात महिने घरात सांगितलं नाही, मुलगा येडी म्हणेल या भीतीनं, आणि सात महिन्यांत तो पैसे घेणारा शहर सोडून गेला. तुम्ही दोन वर्षं ज्याला जेवू घातलं त्याच्या शब्दावर भरवसा ठेवला, याला भरवसा म्हणतात, बह्याडपणा नाही. मिस्टरांना एवढंच सांगा की तुम्ही मला बह्याड म्हटल्यानं त्याचं काम सोपं होऊन राहिलं.

बाकीचे शब्द पटकन. हरामखोर ही शिवी आहे पण शब्द म्हणून खोटा नाही, हराम म्हणजे जे आपलं नाही, निषिद्ध आहे, आणि खोर म्हणजे खाणारा, दुसऱ्याचं खाऊन बसलेला. घरात, दार लावून, भांडी घासताना म्हणा हवं तितक्यांदा, लिहू नका. बदमाशही तसाच फारसीतून आला, ज्याची उपजीविका वाईट मार्गाची तो, तुमच्या भावानं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाकलं होतं, त्याला तो लागत नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा हे तर आत्ताच काढा. कोरोनात लोक प्राण सोडून राहिले होते आणि काही जण इंजेक्शनं काळ्या बाजारात दहापट भावानं विकत होते, तो शब्द त्यांच्यासाठी आहे. मामेभावावर खर्च केला तर त्यांच्यासाठी काय उरेल आपल्याकडे?

सुविचारांचं म्हणाल तर त्याला ढोंगी म्हणता येईल, साळसूद म्हणता येईल, पण मी म्हणते सोडून द्या, सुविचार टाकणं हा काही गुन्हा नाही आणि तुमचा मुद्दा तिथे पातळ होतो.

बडग्याचं. ताई, मी महाल भागातली आहे, लहानपणापासून मारबत बघत आली आहे, काळी 1881 पासून निघते आणि पिवळी 1885 पासून, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, आणि "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ची आरोळी ऐकली की आजही अंगावर काटा येतो. त्यामुळे तुमच्या मनात ते का आलं ते मला कळते. पण बडग्या निघतो तो महागाईचा, भ्रष्टाचाराचा, कोण्या मोठ्या पुढाऱ्याचा, ज्याच्यासमोर आपण एकेकटे काही करू शकत नाही त्याचा. काळी मारबत भोसल्यांच्या बांकाबाईची म्हणतात, ती इंग्रजांना मिळाली या रागातून, आणि सीताबर्डीची लढाई 1817 ची, म्हणजे दोनशे वर्षं झाली तरी लोक तिला फितूर म्हणून जाळून राहिले. (त्या काळात इंग्रजांना मिळालेले पुरुष काय कमी होते, पण पुतळा एका बाईचा झाला, हे मला नेहमी खुपत आलं आहे.) सांगायचं एवढंच की एकदा चौकात जाळलं की परत आणता येत नाही. तुमचा भाऊ तिशीतला पोट्टा आहे, त्यानं 20,000 परत आणून दिले होते, म्हणजे कधीतरी त्याला लाज वाटली होती. ती जागा शिल्लक ठेवा, तुमचे 1,40,000 तिथूनच परत यायचे आहेत.

ग्रुपवर टाकायचं नाही याचं दुसरं कारण कायद्याचं. 42 लोकांसमोर एखाद्याला ठग, चारसोबीस लिहिणं म्हणजे बदनामीचा दावा अंगावर घेणं, न्याय संहितेचं कलम 356, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड होऊ शकतो. खरं होतं म्हणून सुटका होते पण फक्त खरं असून भागत नाही, ते सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं, आणि घरचा पैशाचा वाद त्यात बसवणं कठीण. उलट हीच तक्रार तुम्ही चांगल्या हेतूनं पोलिसांकडे केली तर ती बदनामी धरत नाहीत. म्हणजे तेच वाक्य एका जागी गुन्हा आणि एका जागी तुमचा हक्क.

म्हणून मेसेज फक्त त्याला पाठवा, आणि त्यात एकही विशेषण नको. मी लिहून देते, रक्कम-तारीख तुमची बघून घ्या:

"तू माझ्याकडून गाळ्याच्या डिपॉझिटसाठी 1,60,000 घेतले, एक लाख बँकेतून, साठ हजार रोख. गाळा सोडल्यावर परत करायचं ठरलं होतं. त्यातले 20,000 दिले, 1,40,000 बाकी आहेत. डिपॉझिट अडकलं असं तू मला सांगत होता. गाळेवाल्यानं ते तुला परत केलं आहे असं त्यानं मला सांगितलं. बाकी रक्कम कोणत्या तारखेला देतोस ते लिहून कळव."

वाचून बघा, यात चोर नाही, ठग नाही, पण त्याला चोर म्हटल्यापेक्षा हे जास्त लागेल, कारण चोर म्हटलं तर तो भांडू शकतो, यातल्या कोणत्या वाक्याशी भांडणार? आणि त्याचं उत्तर, "हो ताई देतो, जरा थांब" एवढं जरी आलं तरी ते जपा, चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट वेगळा ठेवा. हातउसने पैसे वसूल करायला दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि त्या मुदतीत त्यानं लेखी कबूल केलं की मुदत पुन्हा नव्यानं सुरू होते, साठ हजार रोखीचे तर फक्त त्याच्या कबुलीवरच उभे आहेत. नुसत्या तोंडी वायद्यावर मात्र एक दिवसही थांबू नका, लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बायकांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. नोटीस कशी पाठवायची ते सांगतील.

पोरीला काय सांगायचं ते सगळ्यात अवघड होतं नं? मला ते सोपं वाटते. शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्याच सांगा: मामानं आईकडून पैसे घेतले, परत देतो म्हणाला, दिले नाही, आणि पैसे नाहीत असं खोटं बोलला. ती विचारेल मग चोर म्हणायचं नाही का, तर म्हणा नाही, मामा खोटं बोलला असं म्हणायचं. नऊ वर्षांच्या पोरीला खोटं बोलणं म्हणजे काय ते चांगलं कळते. आणि उद्या त्यानं पैसे आणून दिले तर तिला तेही सांगता येईल, चोर म्हटलं तर ते कसं सांगणार?

आईसोबत वाद घालू नका, तिला तो मेसेज वाचून दाखवा, त्यात चोर शब्द नाही हे ती स्वतःच बघेल.

आणि मेसेज पाठवायच्या आधी मामींना भेटून या. फोन नको, घरी जा, संध्याकाळी, तो घरी नसताना. शिवी त्यांना लागणार होती तर निदान गोष्ट तरी आधी त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या, बँकेचा कागद सोबत न्या आणि गाळेवाल्याचा नंबर पण.